वजनदार माणसाचं हलकं चाक

शंभर किलोच्या माणसाने सायकलच्या दुकानात जाऊन "जरा हलकी चाकं दाखवा" म्हणावं आणि काउंटरपलीकडच्याने आधी त्याच्या पोटाकडे बघावं, हा अनुभव मला एकट्यालाच आलाय असं नाही. पुढचं वाक्यही ठरलेलं असतं. "सर, तुम्ही आधी थोडं वजन कमी करा, मग बघू." हा सल्ला डॉक्टरने दिला तर ठीक आहे. चाकं विकणाऱ्याने दिला तर त्याचा अर्थ एवढाच, की त्याला चाकाबद्दल फारसं काही सांगता येत नाहीये.

माझं म्हणणं थोडक्यात असं. वजनदार माणसाला जड चाक लागत नाही, नीट बांधलेलं चाक लागतं. आणि नीट बांधलेलं चाक बऱ्यापैकी हलकंही होऊ शकतं, फक्त वजन कुठून काढायचं आणि कुठून नाही हे कळलं पाहिजे. बाजारातली 'लाईट' चाकं नेमकं जिथून काढू नये तिथून ते काढतात. मग तारा तुटतात, चाकाला आउट येतो, आणि तो जाडा माणूस मनाशी म्हणतो, सायकल आपल्यासाठी नाहीच. असे तीन-चार जण मी पाहिले आहेत. त्यातल्या दोघांची सायकल आता बाल्कनीत कपडे वाळवायच्या कामी येते. मला राग येतो तो याचा.

(स्पोकला मी तार म्हणणार आहे. आमच्याकडे दुकानात तेच म्हणतात.)

आधी थोडं चाकाच्या स्वभावाबद्दल. बैलगाडीचं चाक आपण सगळ्यांनी पाहिलेलं असतं, त्यामुळे चाक म्हणजे तसंच असणार असं डोक्यात बसलेलं असतं. त्यात खालचा आरा धुरीचा भार पेलून उभा असतो, खांबासारखा. सायकलची तार अशी उभी राहूच शकत नाही, दाबली तर वाकेल. ती चालते ताणावर. सगळ्या तारा आधीच जबरदस्त ताणून ठेवलेल्या असतात. मग तुम्ही बसलात की काय होतं? वरच्या तारांवरचा ताण वाढतो, असं बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात वरच्या तारांना फारसा फरक पडत नाही. जमिनीजवळच्या तीन-चार तारांचा ताण कमी होतो. म्हणजे चाक भार पेलतं ते खालच्या तारा सैल होऊन. जॉब्स्ट ब्रँट नावाच्या अमेरिकन इंजिनियरने 1981 साली 'द बायसिकल व्हील' हे पुस्तक लिहून हे गणितासकट मांडलं. त्यावर वाद घालणारे अजूनही आहेत, पण त्यांचा वाद बराचसा शब्दांचा आहे.

यातून एक गोष्ट निघते आणि आपल्या कामाची तीच आहे. दोन मिलिमीटरची स्टेनलेसची चांगली तार तुटायला अडीचशे किलोंच्या वर ओढ लागते. तुमच्या बसण्याने ती सरळ तुटत नाही, मग तुम्ही 70 किलोंचे असा की 110. ती तुटते थकून. दर फेऱ्याला एकदा सैल, परत ताठ, सैल, ताठ. 28 मिलिमीटरचा टायर असलेलं चाक एका फेऱ्यात साधारण 2.13 मीटर जातं. एका 200 किलोमीटरच्या ब्रेव्हेत प्रत्येक तार सुमारे 94 हजार वेळा हा जोर काढते. हजार किलोमीटरला 4 लाख 70 हजार वेळा. लोखंडी तार बोटात धरून पुढेमागे वाकवली की शेवटी तुटते, तोच प्रकार, फक्त फार सावकाश. आणि ती तुटते बहुतेक वेळा हबमध्ये अडकवलेल्या वळलेल्या टोकाच्या कोपऱ्यात.

जड माणसाच्या चाकात हा चढउतार मोठा असतो, एवढाच काय तो फरक. माझं वजन 102 किलो. सायकल 11, पाण्याच्या बाटल्या, हत्यारं आणि बॅग मिळून 5. झाले 118. यातलं साठ टक्के मागच्या चाकावर येतं असं धरलं तर तिथे सत्तरेक किलो. खड्डा आला की क्षणभर त्याच्या कितीतरी पट. त्या क्षणी खालची तार पूर्ण सैल झाली, तर तिचा निपल आपोआप फिरायला मोकळा होतो आणि चाकाला आउट येऊ लागतो. पुढच्या खड्ड्याला शेजारचीचीही तीच गत. दुकानदार म्हणतो, वजनाने चाक वाकलं. वाकलं खरं, पण आधी ते सैल होतं म्हणून.

आता गंमत बघा. यावर आपल्याकडचा पिढीजात उपाय म्हणजे जाड तार. "साहेब, तेरा नंबरची घालतो, बघा कशी तुटते ते!" सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो आणि सल्ला उलटा असतो. तार जेवढी जाड तेवढी ती कमी ताणली जाते. साधारण 290 मिलिमीटर लांबीची तार शंभर किलोंनी ओढली, तर 2 मिलिमीटर जाडीची जेमतेम अर्धा मिलिमीटर लांबते. मधला भाग दीड मिलिमीटर असलेली जवळजवळ 0.8 मिलिमीटर लांबते. रिम जमिनीशी जराशी चेपली की जाड तारेची ती अर्धा मिलिमीटरची पुंजी लवकर संपते आणि ती सैल पडते. बारीक तारेकडे शिल्लक जास्त असते, ती ताठ राहते आणि भार शेजारणींना वाटून देते. शिवाय लवायची वेळ आली की बारीक तार मधल्या भागात लवते, त्यामुळे कोपऱ्यावरचा त्रास वाचतो.

म्हणून टोकांना 2 आणि मधे 1.8 मिलिमीटर अशा, ज्यांना डबल बटेड म्हणतात त्या तारा वजनदार माणसासाठी चैन नाहीत. त्या जास्त टिकतात आणि हलक्याही असतात. हलकेपणा आणि टिकाऊपणा एकाच बाजूला उभे आहेत अशी सायकलमधली ही एक दुर्मिळ जागा आहे, आणि दुकानांमधून ती कुणी दाखवत नाही याचं मला सखेद आश्चर्य वाटतं.

मात्र तारांची जाडी कमी करा, संख्या नको.

हल्लीच्या तयार चाकांत पुढे 20 आणि मागे 24 तारा सर्रास असतात. दिसायला छान दिसतात. हवेला अडथळाही थोडा कमी होतो, ते नाकारत नाही. पण आपण वजनाचा हिशोब करू. मागे 24 ऐवजी 32 तारा घातल्या, तर जास्तीच्या 8 तारा आणि त्यांचे पितळी निपल मिळून पन्नास-पंचावन्न ग्रॅम भरतात. म्हणजे बाटलीतले दोन घोट पाणी. गोळेवाडीपासून सिंहगडावर चढायला माझ्यासारख्याला तासभर तरी लागतो. 118 किलोंत हे पन्नास ग्रॅम वाढले, तर त्या तासात दोन सेकंदही वाढत नाहीत. फिरत्या वजनाचा बागुलबुवा उभा करणारे असतात. तर रिमपाशी असलेलं वजन वेग वाढवताना फार तर दुप्पट मोजायचं, आणि एका चालीत चढ चढताना तेवढंही नाही. या दोन सेकंदांच्या बदल्यात 24 तारांच्या चाकात एक तार तुटली की रिम ब्रेकला किंवा फ्रेमला घासायला लागते आणि रात्री अडीच वाजता हायवेवर तुम्ही टेम्पो शोधत उभे असता. 32 मध्ये एक तुटली तर शेजारच्या तारा जरा फिरवून घरी येता येतं.

आपल्याकडच्या जुन्या काळ्या सायकली आठवा. दूधवाले दोन्ही बाजूंना कॅन लटकवून जायचे, काही गावांत अजून जातात. या सायकलींच्या पुढच्या चाकाला 32 आणि मागच्या चाकाला 40 तारा असत. ही इंग्रजांकडून आलेली पद्धत. बेरीज 72, म्हणजे 36 आणि 36 केले असते तरी तेवढ्याच. पण भार मागे आहे तर तारा मागे, इतका साधा विचार. त्या चाकात आणखी एक गुण होता, जो मला बराच उशिरा लक्षात आला. मागे एकच दाताळं, त्यामुळे चाकाच्या उजव्या-डाव्या तारा जवळजवळ सारख्याच कोनात आणि सारख्याच ताणात. लोखंडी रिम जड होती हे खरं. तिचं लोखंड घेऊ नका, हिशोब तेवढा घ्या.

कारण आजच्या चाकाचं खरं दुखणं हे उजवं-डावंच आहे. मागे 11 किंवा 12 दाताळ्यांची कॅसेट बसवायची म्हणून हबची उजवी कड आत ढकललेली असते. उजव्या तारा जवळपास उभ्या आणि डाव्या तिरक्या. रिम मधोमध आणायची तर उजवीकडे 120 किलो ताण दिला की डावीकडे जेमतेम साठ-पासष्ट उरतो. सैल कोण पडणार ते उघड आहे. पुष्कळ ठिकाणी डावी तार तुटली की तेवढी बदलून देतात, महिन्याने दुसरी तुटते, ती बदलतात. हे म्हणजे छप्पर गळतंय म्हणून बादल्या बदलत राहण्यासारखं झालं.

यावर करण्यासारखं बरंच आहे. उजवीकडचा ताण रिमच्या कंपनीने सांगितलेल्या कमाल आकड्याजवळ न्यायचा, म्हणजे डावीकडचाही तेवढ्या प्रमाणात वर येतो. डावीकडे मुद्दाम जास्त बारीक तारा घालायच्या, उजवीकडे 1.8 तर डावीकडे 1.6 किंवा 1.5, म्हणजे कमी ताणातही त्यांच्याकडे लांबीची शिल्लक राहते. आणि मिळाली तर अशी रिम घ्यायची जिची भोकं मधोमध नसून दोन-तीन मिलिमीटर डावीकडे सरकवलेली असतात. या सरकवलेल्या भोकांनी ग्रॅमभर वजन न वाढता जो फरक पडतो तो शंभर ग्रॅम जास्त धातू घालूनही पडणार नाही.

वजन मुद्दाम ठेवायची एक जागा आहे, ती म्हणजे रिम. 380-400 ग्रॅमच्या ॲल्युमिनियमच्या रिम सुंदर असतात आणि माझ्या वजनाच्या माणसाने त्या दुरून बघाव्यात. मागे 470 ते 500 ग्रॅमची, जरा खोल पोटाची रिम घ्यावी. ताठ रिम जमिनीशी कमी चेपते, त्यामुळे भार जास्त तारांत वाटला जातो. डिस्कब्रेकची सायकल असेल तर आणखी चांगलं, रिमच्या बाजूला घासायची भिंत लागत नाही आणि तेवढं वजन योग्य जागी वापरता येतं. रिमब्रेकवाल्यांनी पावसाळ्यानंतर रिमच्या बाजूवरून बोट फिरवून बघावं. चिखलातली वाळू ब्रेकच्या रबरात बसते आणि कानशीसारखी धातू खाते. भिंत आत वळलेली लागली तर ती रिम पसरणी घाटाच्या उतारावर न्यायची नाही. जड माणूस ब्रेकही तेवढ्याच जोरात लावतो हे विसरू नये.

टायरचं तर बोलायलाच नको. 23 चे दिवस गेले. 28 घाला, फ्रेममध्ये बसत असेल तर 32. चाकाला यासारखा स्वस्त शॉकअब्सॉर्बर दुसरा नाही.

क्रॉसबद्दल लोक फार बोलतात, मला त्यात विशेष काही वाटत नाही. 32 तारांना तीन क्रॉस, 28 ला दोन किंवा तीन, संपलं. हबपासून सरळ बाहेर जाणाऱ्या रेडियल तारा पुढच्या चाकाला रिमब्रेक असेल तरच, आणि जड माणसाने तिथेही टाळाव्यात. त्या हबच्या कडेला सरळ बाहेर ओढतात आणि वाचतात ते चार-पाच ग्रॅम. डिस्कब्रेक असेल तर प्रश्नच मिटला. ब्रेकचा पीळ हबमधून रिमपर्यंत तारांनीच न्यायचा असतो, तो रेडियल तारेला जमत नाही. निपल पितळीच. ॲल्युमिनियमच्या निपलने दोन्ही चाकांत मिळून चाळीसेक ग्रॅम वाचतात आणि कोकणातल्या दोन पावसाळ्यांत ते भुसभुशीत होतात.

आता बांधणी. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण वरचं सगळं सामान आणलं आणि बांधणी वाईट झाली तर पैसे पाण्यात.

चाक सरळ फिरतंय म्हणजे चांगलं बांधलंय असं आपण समजतो. पण सरळ चाक दोन प्रकारे मिळतं. सगळ्या तारांत सारखा ताण आहे म्हणून, किंवा एक खूप ताठ आणि शेजारची ढिली अशी खेचाखेच करून. दुसऱ्या प्रकारचं चाक दुकानाच्या दारापर्यंत सरळ असतं. फरक ओळखायला ताण मोजायचं यंत्र मिळतं, आणि शंभर किलोंच्या माणसाचं चाक बांधणाऱ्याकडे ते असावं असं माझं मत आहे. नसेल तर कान आहेत. एका बाजूच्या तारा एकेक करून बोटाने छेडत जायचं, सूर सारखा यायला हवा. तबलजी तबला लावताना गजऱ्यावर हातोडी ठोकत घराघराने फिरतो, एक घर चढलं की समोरचं बघतो, तसंच. फक्त उजव्या आणि डाव्या बाजूचा सूर एकमेकांशी जुळवायचा नाही, तो वेगळाच असणार.

दुसरी गोष्ट, जी घाईत हमखास गाळली जाते. चाक जवळजवळ पूर्ण ताणलं गेलं की समांतर जाणाऱ्या तारांच्या जोड्या दोन्ही हातांनी धरून कचकचून दाबायच्या, सगळ्या चाकाभर. हातमोजे घालून, नाहीतर तळहाताला वळ उठतात. तारेचा कोपरा कारखान्यात वाकवताना त्यात जो अंतर्गत ताण अडकून राहिलेला असतो तो या दाबण्याने मोकळा होतो. हे पाच मिनिटांचं काम केलेल्या आणि न केलेल्या चाकाच्या आयुष्यात हजारो किलोमीटरचा फरक पडू शकतो. दाबल्यावर चाकाला थोडा आउट येतो, तो काढायचा, परत दाबायचं, असं दोन-तीनदा. बारीक तारा निपलबरोबर पिळल्या जातात, म्हणून हवं त्यापेक्षा थोडं जास्त फिरवून परत मागे यायचं. तसं केलं नाही तर पहिल्या फेरीतच टिक् टिक् आवाज करत त्या पीळ सोडतात आणि मेहनत वाया जाते.

सध्या माझ्या सायकलला असलेली चाकं अशी आहेत: मागे 32, पुढे 28 तारा, 1.8 च्या, मागे डावीकडे जरा बारीक, पितळी निपल, साधे चांगले हब, मागची रिम 470 ग्रॅमची आणि पुढची 450. दोन्ही मिळून 1825 ग्रॅमच्या आसपास. मध्यम किमतीच्या सायकलीबरोबर कारखान्यातून येणारी चाकं पुष्कळदा दोन किलोंच्या वर असतात. म्हणजे कमी तारांच्या त्या चाकांपेक्षा ही हलकी आहेत. त्यांच्यावर 'लाईट' असा स्टिकर मात्र नाही.

यावर कुणी म्हणेल की कार्बनच्या खोल रिमला 24 तारा शंभर किलोंनाही पुरतात. पुरत असतील. ती रिम इतकी ताठ असते की हिशोबच बदलतो. पण त्यावर लिहिलेली वजनमर्यादा वाचून घ्यावी. 110, 120, 130 असे आकडे असतात आणि पुष्कळदा तो आकडा माणूस, सायकल आणि सामान मिळून असतो. 100 किलोंचा माणूस 110 ची मर्यादा वाचून खूश होतो आणि सायकल मोजायची राहून जाते. शिवाय त्या किमतीत माझ्यासारखी दोन-तीन जोड्या चाकं बांधून होतात.

खरा प्रश्न बांधणार कोण, हा आहे. आमच्या भागात एक काका आहेत, सत्तरीच्या पुढचे. रिम मांडीवर घेऊन तारा भरताना ते बघत नाहीत, बोलत असतात. त्यांना डबल बटेड हा शब्द माहीत नव्हता. तार हातात दिल्यावर त्यांनी ती वाकवून बघितली आणि म्हणाले, "ही मऊ आहे, ही टिकंल." मी इतकी पानं वाचून जे शिकलो ते त्यांनी तीन सेकंदांत बोटाने वाचलं. मागच्या चाकाला त्यांना तीन तास लागले आणि मजुरी सांगितली ती ऐकून मलाच लाज वाटली. एका बऱ्यापैकी टायरचीही किंमत नव्हती ती. आपण हबवर पंधरा हजार सहज टाकतो आणि बांधणीला घासाघीस करतो. मग ते शिकायला कुठला मुलगा येणार? काकांचा मुलगा मोबाइल दुरुस्त करतो. त्याचं चुकलं असं मी म्हणू शकत नाही.

तेव्हा बांधून घेणार असाल तर मजुरी सांगतील त्याच्या दुप्पट द्या आणि तीन गोष्टी मागून घ्या: उजव्या तारांचा ताण किती, डाव्यांचा किती, आणि तारा दाबून घेतल्या का. पहिल्या दीडशे किलोमीटरनंतर चाक परत दाखवायला न्या. आणि वजन विचारलं की खरं सांगा. बॅगेसकट, डब्यासकट. पाच किलो कमी करून सांगायची आपली सवय असते, पण त्या माणसाला तारा निवडायच्या आहेत.